मुलामा टिकतो तो कशाने?

दिवाळीच्या आधी आठ दिवस आपल्या घरांत जी उलथापालथ होते, तिच्यात फळीवरच्या भांड्यांची झडती ठरलेलीच असते. वर्षभर पाहुण्यांची वाट पाहत बसलेले कपबशांचे जोड खाली उतरतात, लोणच्याच्या बरण्या पुसल्या जातात, आणि मग गृहिणीच्या तोंडून काही ठरावीक उद्गार निघतात. 'अगंबाई, या कपांची सोनेरी किनार पाहा कशी उडाली! पोटावरचे निळे फूल मात्र जसेच्या तसे!' 'ही बरणी पाहिली का? हिच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उठल्या आहेत.' 'हा रंगवलेला माठ चैत्रात आणला आणि दसऱ्याच्या आत त्याची सालपटे निघाली!' घरातला कर्ता पुरुष अशा वेळी वर्तमानपत्रातून मान वर न काढता 'हल्लीचा मालच तसा' एवढा निकाल देतो आणि खटला मिटतो.

खरे पाहिले तर या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. भट्टीत भाजून दगडासारख्या झालेल्या मातीच्या अंगावर आपण एखादा पातळ थर चढवतो. तो सोन्याचा असेल, काचेचा असेल, नाहीतर साध्या तेलरंगाचा असेल. हा थर त्या अंगाला धरून राहतो तो कशाने? आणि किती घट्ट धरून आहे हे मोजावे कसे? मी मराठीचा अध्यापक. शब्दांचे पापुद्रे सोलणे हा माझा धंदा, वस्तूंचे नव्हे. पण अमरावतीस आमच्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे एक स्नेही आहेत. मधल्या सुट्टीत चहा पिताना त्यांच्यापुढे मी हा प्रश्न टाकला. पुढे दोन-तीन महिने जे ऐकले, पाहिले आणि वाचले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

शब्दांची साक्ष

सवयीप्रमाणे मी आधी शब्दांकडे वळलो. पातळ थराविषयी आपल्या भाषेचे मत काही फारसे चांगले दिसत नाही. 'सभ्यतेचा वरवरचा मुलामा' असे आपण म्हणतो. एखाद्याचे खरे रूप उघडे पडले की 'त्याची कल्हई उडाली' म्हणतो. आतले ते खरे आणि वरचे ते खोटे, असा एकंदर हिशेब. मुलामा, कल्हई आणि झिलई हे तिन्ही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथे येऊन बिचारे बदनाम झाले.

पण आपल्याजवळ आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे पूट. भिंतीवर आपण रंगाची पुटे चढवतो. हा संस्कृतातला पुट. आणि वैद्यांच्या रसशास्त्रात पुट देणे म्हणजे औषधी द्रव्य मातीच्या पात्रात बंद करून गोवऱ्यांच्या ठरावीक आचेत भाजणे. गजपुट हा त्यातलाच प्रकार. म्हणजे एकाच शब्दात थरही आहे आणि आगही आहे! हे मी स्नेह्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या या एका शब्दात माझे निम्मे व्याख्यान आले. नुसता लावलेला थर आणि आगीतून गेलेला थर यांत जो फरक आहे, तोच या विषयाचा कणा आहे."

माठाचा घाम

हा फरक मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला तो अकोल्यास. वऱ्हाडातला उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना माठाची थोरवी सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की घरोघरी माठ हेच दैवत. अलीकडे बाजारात वेलबुट्टी काढलेले, तेलरंगाने रंगवलेले माठ येतात. असाच एक माठ माझ्या अकोल्याच्या मावशींकडे होता आणि त्याचा रंग पोपडे धरून उडत होता. त्यांच्या नेहमीच्या कुंभारदादांना मी कारण विचारले.

म्हातारबुवा हसले आणि म्हणाले, "भाऊ, माठ आतून घामेजते. तो घाम बाहेर निंघाले पाहते, अन् तुमी वरून रंगाचं दार लावून टाकता. मंग पापुद्रे नाही निंघन त काय होईन?"

"पण दादा, तुम्हीसुद्धा गेरू लावताच की!" मी म्हटले.

"गेरू आमी कच्च्या माठाले लावतो, गोट्यानं घोटतो, अन् मंग आव्यात टाकतो. तो माठासंगं भाजते. त्याचा अन् माठाचा जीव एकच होते. रंग काय, तो पाव्हणा हाय!"

पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडले तर तेच सापडते, फक्त भाषा निराळी. गेरूचा लेप म्हणजे लोहयुक्त मातीचे अत्यंत बारीक कण. कच्च्या भांड्यावर ते लावले की त्याच्या खाचाखळग्यांत जाऊन बसतात, आणि आव्याच्या आचेत भांड्याचे कण व लेपाचे कण एकमेकांना चिकटतात. शिवाय या लेपाची छिद्रे उघडीच राहतात, तेव्हा पाणी झिरपायला आडकाठी होत नाही. तेलरंगाचे तसे नाही. तो पृष्ठभागाला केवळ वरून बिलगतो. आतून येणारे पाणी त्याच्या आणि मातीच्या मधल्या फटीत शिरते, आपल्याबरोबर आणलेला क्षार तिथेच सोडते, आणि थर थोडाथोडा उचलला जातो. त्यात छिद्रे बुजल्यामुळे पाणीही पुरेसे गार होत नाही ते वेगळेच. तात्पर्य, पाण्यासाठी माठ घ्यायचा तर साधा घ्यावा. रंगवलेला शोभेसाठी ठेवावा.

कप आणि बरणी

आता कपाची सोनेरी किनार. निळे फूल बहुधा झिलईच्या खाली रंगवलेले असते. त्याच्यावर काचेचे पांघरूण असते. म्हणून राखेने घासा की तारेने, फुलाला धक्का लागत नाही. सोनेरी रेघ मात्र झिलई भाजून झाल्यावर तिच्या वर ओढतात आणि पुन्हा सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सियसच्या, म्हणजे तुलनेने मंद आचेवर भाजतात. तो थर किती जाड असावा? मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. आणि हे चकचकीत सोने असते मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतके! तेव्हा ते जाते ते पुष्कळदा 'सुटून' जात नाही, 'झिजून' जाते. सुटणे आणि झिजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मोजणाऱ्याने पहिल्याप्रथम त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात.

बरणीच्या रेघांची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तिथे प्रश्न शोभेचा नसून पोटाचा आहे. बरणीची झिलई म्हणजे काचच. भट्टीत ती वितळते, खालच्या मातीच्या अंगात थोडी विरघळते, आणि निवताना तिथेच घट्ट होते. पण निवताना प्रत्येक पदार्थ आकसतो, आणि माती व काच सारख्या प्रमाणात आकसतातच असे नाही. चिनीमातीची एक मीटर लांबीची कांडी १०० अंशांनी निवली तर सुमारे अर्धा मिलिमीटर आखडते. झिलई याहून किंचित कमी आखडली तर ती मातीच्या पकडीत दाबली जाते. आणि काचेला दाब चांगला सोसतो. ती अधिक आखडली तर मात्र ताणली जाते, आणि ताण काचेला मुळीच सोसत नाही. मग तडे जातात, ते कधी भट्टीतून काढताच, तर कधी वर्षांनी, मातीने हवेतली ओल पिऊन अंग फुगवल्यावर. उलट झिलई फारच कमी आखडली तर कडेकडेने तिच्या खपल्या उडतात. सासू-सुनेचे जमण्यासाठी दोघींचे स्वभाव अगदी सारखे असावे लागत नाहीत, पण फार विरुद्धही असून भागत नाही. तसेच हे आहे म्हणा ना!

तडे गेलेली बरणी टाकावी काय? आमच्या मावशींपुढे हाच पेच होता. बरणी त्यांच्या सासूबाईंची. तिच्यात दरवर्षी आंब्याचे लोणचे पडायचे. जुन्या खारवलेल्या बरण्यांची गोष्ट चांगली असते. त्या १२०० अंशांच्या वर भाजत आणि भट्टीत मीठ टाकीत. मिठाच्या वाफेतले सोडियम मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून झिलई तयार होई. तिथे झिलई वरून लावलेली नसते, अंगातूनच उपजलेली असते. त्यातून अंगच इतके भाजलेले की पाणी शोषत नाही. पण कमी आचेवर भाजलेल्या, सच्छिद्र अंगाच्या बरणीला तडे गेले तर मीठ व आंबटपणा त्यातून आत मुरतो. आणि जुन्या मंद आचेच्या काही झिलयांत शिसे असे, ते आंबट पदार्थांत उतरू शकते.

यावर स्नेह्यांनी एक घरगुती मापन सुचवले. बरणी उन्हात कडकडीत वाळवून वजन करा, रात्रभर पाण्याने भरून ठेवा, सकाळी ओतून, कोरडी पुसून पुन्हा वजन करा. वजन वाढले तर बरणी पाणी 'पीत' आहे, असे समजावे. मावशींची बरणी वाण्याच्या काट्यावर चढली आणि चांगली छटाक-दीड छटाक पाणी प्यालेली निघाली. लोणच्यासाठी दुसरी आली. जुनी आता कोरड्या हळकुंडांसाठी आहे. मावशींना वाईट वाटले, पण निकाल वजनाने दिलेला असल्यामुळे कुणाशी वाद घालण्याची सोय राहिली नाही.

उखडल्याशिवाय कळत नाही

कारखान्यात आणि प्रयोगशाळेत मात्र एवढ्याने भागत नाही; तिथे आकडा लागतो. तो काढण्याच्या युक्त्या इतक्या साध्या आहेत की ऐकून मला नवल वाटले.

पहिली युक्ती चिकटपट्टीची. थरावर चिकटपट्टी दाबून लावायची आणि झटक्याने ओढायची. थर पट्टीबरोबर आला तर नापास! १९३५ साली कॅलिफोर्नियातील जॉन स्ट्राँग या शास्त्रज्ञाने काचेवर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या थरांची परीक्षा अशी केली. त्याच वर्षी त्याने माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीच्या आरशावर ॲल्युमिनियम चढवले. आज रंगकामात हीच परीक्षा थोडी सुधारून घेतात. पात्याने थरावर आडवे-उभे काप देऊन चौकटी पाडतात, पट्टी लावून ओढतात, आणि किती चौकटी उडाल्या त्यावरून पाचापासून शून्यापर्यंत गुण देतात. एकही कड न सुटली तर पाच. ६५ टक्क्यांहून अधिक उडाले तर शून्य. आम्हां शिक्षकांना ही गुण देण्याची पद्धत विशेष जवळची वाटावी!

दुसरी युक्ती ओढण्याची. थरावर धातूची एक गुंडी पक्क्या गोंदाने चिकटवायची आणि यंत्राने सरळ वर ओढायची. किती जोराला सुटली ते पाहायचे. हा जोर मेगापास्कलमध्ये सांगतात; एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलोचे ओझे. गंमत अशी, की या मापनाला गोंदाचीच मर्यादा पडते. उत्तम गोंदही ७०-८० मेगापास्कलच्या आसपास हात टेकतो. थर त्याहून घट्ट असेल तर गोंद सुटतो, थर जागेवर राहतो, आणि आपल्याला एवढेच कळते की 'याहून अधिक'.

म्हणून तिसरी युक्ती, ओरखड्याची. गोलसर टोकाचा हिरा थरावर टेकवून पुढे सरकवतात आणि त्याच्यावरचा भार सारखा वाढवत नेतात. आरंभी नुसती रेघ उमटते. मग बारीक तडे जातात. मग एका ठरावीक भाराला थर खालच्या अंगापासून सुटून उडतो. त्या भाराला निर्णायक भार म्हणतात. १९६० साली बेंजामिन आणि वीव्हर या दोघा शास्त्रज्ञांनी या ओरखड्याचे गणित मांडले. मला मौज वाटली ती पुढेच. थर तडकतो तो क्षण पकडण्यासाठी या यंत्राला 'कान' बसवलेला असतो. तडा गेला की जो सूक्ष्म आवाज होतो तो यंत्र टिपते. आपल्या आया-बहिणी माठ घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहतात. टणत्कार आला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. जातकुळी तीच!

यातून मला जे उमगले ते असे. हा घट्टपणा थरात नसतो आणि खालच्या अंगातही नसतो. तो दोघांच्या मध्ये असतो. मध्ये काय आहे हे बाहेरून दिसत नाही, ते तुटल्यावरच कळते. म्हणून जाणता परीक्षक नुसता आकडा लिहीत नाही. तुटले कुठे तेही लिहितो. सांध्यात तुटले तर सांधा कच्चा. थराच्या आतच तुटले तर थर कच्चा, सांधा चांगला. खालची मातीच उचकटून वर आली, तर सांधा मातीहूनही पक्का. आणि तेव्हा मिळालेला आकडा सांध्याचा नसून मातीचा असतो. त्यातून चिकटपट्टीचा निकाल, गुंडीचा आकडा आणि हिऱ्याचा आकडा यांची एकमेकांशी सरळ तुलना करता येत नाही, कारण प्रत्येकाची तोडण्याची रीत वेगळी. 'किती घट्ट?' असा प्रश्न विचारणाऱ्याने 'कशापुढे घट्ट?' हेही सांगितले पाहिजे.

शितावरून भात

पण थर मौल्यवान असेल तर तो तोडून कसा पाहणार? जुन्नरजवळ गिरवलीस पुण्याच्या 'आयुका' संस्थेची दुर्बीण २००६ साली सुरू झाली; तिचा मुख्य आरसा दोन मीटर व्यासाचा. अशा मोठ्या आरशांवर ॲल्युमिनियमचा जो थर देतात तो मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. हल्ली पुष्कळ दुर्बिणींच्या आरशांचे खालचे अंग काच व चिनीमाती यांच्या मधल्या जातीचे, तापमानाने जवळजवळ न वाढणारे असे असते. अशा आरशावर चिकटपट्टी लावण्याची छाती कोण करील? तेव्हा लेप देताना शेजारी एक लहानसा नमुना ठेवतात, दोघांवर एकदमच लेप चढतो, आणि परीक्षा त्या नमुन्याची होते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

अमरावतीच्या राजकमल चौकात सिग्नलला थांबलेल्या मोटारींच्या पोटातही हा विषय चाललेला असतो. धूर शुद्ध करण्यासाठी मोटारीच्या धुराड्यात चिनीमातीच्या जातीचे मधाचे पोळे बसवतात. दर चौरस इंचात चारशे घरे असलेली पोळी सर्रास असतात! त्या घरांच्या भिंतींवर काही दशांश मिलिमीटरही नव्हे, तर काही दशक मायक्रॉनांचा सच्छिद्र लेप असतो आणि त्यात प्लॅटिनमसारख्या धातूंचे कण पेरलेले असतात. हा लेप गळाला की धूर तसाच बाहेर पडतो आणि तो आपल्याच पोरांच्या छातीत जातो. इथे गुंडी चिकटवायला जागाच नाही. म्हणून पोळे वजन करून द्रवात बुडवतात, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी झडझडवतात, वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. जेवढे वजन घटले तेवढा लेप गळाला. मावशींच्या बरणीचीच परीक्षा, उलट दिशेने!

आणि दंतवैद्याकडे जाऊन दाताला टोपी बसवून घेणाऱ्यांनी तर हा विषय अक्षरशः चावून पाहिलेला असतो. धातूच्या टोपीवर दाताच्या रंगाची चिनीमाती भाजून बसवतात. तिथे खाली धातू आणि वर माती अशी उलटापालट असली तरी प्रश्न तोच. लहानशा पट्टीवर तशीच माती भाजून, पट्टी वाकवून, माती कितव्या जोराला सुटते ते पाहतात; आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे हा आकडा २५ मेगापास्कलच्या वर असावा लागतो.

कौंडिण्यपूरची खापरे

शेवटी एका अशा लेपाविषयी लिहितो, ज्याची परीक्षा कुठल्याच प्रयोगशाळेने ठरवलेली नव्हती. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण ते ओळखतो. तिथे डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले आणि त्याचा वृत्तान्त १९६८ साली प्रसिद्ध झाला. विदर्भाच्या अशा प्राचीन वसतिस्थानांत काळ्या-तांबड्या खापरांची एक जात सापडते. भांडे घोटून, बहुधा भट्टीत पालथे घालून भाजलेले. त्यामुळे बाहेरून तांबडे, आणि आतून व काठाशी, जिथे हवा पोचली नाही तिथे, काळे. दोन-अडीच हजार वर्षे ती वऱ्हाडच्या काळ्या मातीत पडून होती. ही माती पावसात फुगते, उन्हात हातहात भेगाळते. दर वर्षी ओढते, ढकलते. तरी घोटलेल्या अंगाची तकाकी पुष्कळ खापरांवर अजून आहे.

अशा खापरावर हिरा ओढता येत नाही, गुंडीही चिकटवता येत नाही. ते धुण्यापूर्वी जाणकार माणूस कापसाचा ओला बोळा त्याच्या एका कोपऱ्यावर हलकेच टेकवतो आणि कापसाला रंग लागतो का ते पाहतो. रंग लागला तर पाणी दूर ठेवायचे, नाही लागला तर पुढे जायचे. सगळी परीक्षा एवढीच. पण तिच्यावर त्या खापराचे पुढचे आयुष्य ठरते. बोळा कोरा निघाला की समजावे, त्या काळच्या कुणा वऱ्हाडी कुंभाराने लेप वेळेवर लावला होता, हात न राखता घोटला होता आणि आव्याला पुरेशी आच दिली होती.